ऱ्होड्स : एका बेटाचा हिशेब

प्राचीन जगांतील सात आश्चर्यांची यादी ज्यांनीं लहानपणीं पाठ केली असेल, त्यांस ऱ्होड्सचें नांव नवीन वाटावयाचें नाहीं. बंदराच्या तोंडाशीं दोन बाजूंस दोन पाय रोवून उभा असलेला, आणि ज्याच्या पायांखालून शिडांचीं जहाजें ये-जा करीत आहेत असा, तो ब्राँझचा प्रचंड पुतळा पुष्कळांनीं चित्रांत पाहिला असेल. हें चित्र मागाहूनच्या कल्पकांनीं काढलेलें आहे. पुतळा तसा कधींच उभा नव्हता, आणि जसा उभा होता तसाहि तो फार काळ टिकला नाहीं. उन्हाळ्यांत ह्या बेटावर उतरणारे प्रवासी मांड्राकी बंदराच्या मुखाशीं त्याची जागा शोधूं लागतात, तेव्हां दोन खांबांवर उभीं असलेलीं हरिण व हरिणी तेवढीं त्यांच्या दृष्टीस पडतात. परंतु ऱ्होड्सच्या नांवानें जगास मिळालेली दुसरी एक वस्तु अद्याप शाबूत आहे. ती ब्राँझची नाहीं, दगडाचीहि नाहीं. ती हिशेबाची एक रीत आहे. ह्या बेटाचा इतिहास त्या रीतीच्या उजेडांत वाचून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

ऱ्होड्स हें एजियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यांत, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जवळच आहे. क्षेत्रफळ सुमारें १,४०० चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. पिंडार ह्या ग्रीक कवीनें ख्रिस्तपूर्व ४६४ मध्यें ऑलिंपिक सामन्यांत विजयी झालेल्या डायागोरस नांवाच्या ऱ्होड्सच्या मुष्टियोद्ध्यावर स्तुतिगीत रचलें. त्यांत बेटाची जन्मकथा आली आहे. देवांनीं पृथ्वीची वांटणी केली तेव्हां सूर्यदेव हेलिऑस गैरहजर होता, आणि त्याचा वांटा कोणींच ठेवला नाहीं. झ्यूस पुन्हां चिठ्ठ्या टाकावयास सिद्ध झाला, पण सूर्यानें त्यास थांबविलें. समुद्राच्या तळांतून वर येत असलेली एक भूमि त्यास दिसत होती. तीच त्यानें मागून घेतली. वांटणींत जो राहून गेला त्याचें हें बेट, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ख्रिस्तपूर्व ४०८ मध्यें लिंडॉस, इॲलिसॉस व कामिरॉस ह्या बेटावरील तीन जुन्या नगरांनीं एकत्र येऊन उत्तर टोंकास एक नवें शहर वसविलें. तेंच ऱ्होड्स शहर. धान्याची वाहतूक आणि समुद्रावरील चांच्यांचा बंदोबस्त ह्या दोन गोष्टींमुळें त्याची भरभराट झाली. ख्रिस्तपूर्व ३०५ मध्यें डिमीट्रियस ह्या सेनापतीनें प्रचंड यंत्रें व फिरते मनोरे आणून शहरास वेढा घातला. त्या प्रसंगीं नागरिकांनीं केलेले ठराव डायोडोरस ह्या इतिहासकारानें नोंदून ठेविले आहेत. जे गुलाम शौर्य दाखवितील त्यांस धन्यांकडून विकत घेऊन मुक्त करावें व नागरिकत्व द्यावें. जे लढतां लढतां पडतील त्यांचे अंत्यविधि सरकारी खर्चानें व्हावे. त्यांच्या आईबापांस व मुलांस खजिन्यांतून पोसावें. मुलींचीं लग्नें सरकारी हुंड्यानें व्हावीं. आणि मुलगे वयांत आले म्हणजे उत्सवाच्या दिवशीं नाटकगृहांत, सर्वांच्या समक्ष, त्यांस संपूर्ण शस्त्रसाज द्यावा. शत्रूचे व त्याच्या पित्याचे पूर्वीं सन्मानानें उभारलेले पुतळे पाडावे अशी सूचना पुढें आली, तेव्हां लोकांनीं तीहि फेटाळली. सुमारें वर्षभरानें डिमीट्रियस तह करून निघून गेला. त्याचें युद्धसाहित्य विकून आलेल्या पैशांतून लिंडॉसच्या कॅरीस नांवाच्या शिल्पकारानें बारा वर्षें खपून सूर्यदेवाचा सत्तर हात उंचीचा पुतळा घडविला. वेढ्याच्या ठरावांत ज्यांनीं एकमेकांचे भार वांटून घेतले, त्यांच्या विजयाची ती खूण होती.

ती खूण साठ वर्षेंहि उभी राहिली नाहीं. ख्रिस्तपूर्व २२६ च्या सुमारास धरणीकंप झाला. पुतळा गुडघ्यांतून मोडून पडला, तट व गोद्या कोसळल्या. तेव्हां सिराक्यूस, इजिप्त, मॅसिडोनिया व सीरिया येथील राजांनीं आपसांतील वैर असतांहि चांदी, धान्य, लांकूड अशी मदत पाठविली. पॉलिबियसनें ह्या देणग्यांची यादीच दिली आहे. ह्यांत केवळ औदार्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. ऱ्होड्सचें बंदर बसलें तर आपलाहि व्यापार बसेल, हें त्या राजांस उमगलें असलें पाहिजे.

आतां त्या हिशेबाच्या रीतीकडे वळूं. तुफानांत सांपडलेलें जहाज हलकें करण्यासाठीं कांहीं माल समुद्रांत फेकावा लागतो. कोणाचा फेकावयाचा, हें तेव्हां विचारीत बसण्यास सवड नसते. जो हातीं लागतो तो जातो. जहाज तरून बंदरास लागलें, तर बुडालेला तोटा कोणाचा? ऱ्होड्सच्या नांवानें प्रसिद्ध असलेला कायदा सांगतो कीं, सर्वांच्या हितासाठीं जें एकाचें गेलें तें सर्वांनीं भरून द्यावें. समजा, जहाजाची किंमत ४०,००० रुपये असून त्यावर तिघां व्यापाऱ्यांचा ३०,०००, २०,००० व १०,००० रुपयांचा माल आहे. तिसऱ्याचा सगळा माल समुद्रांत गेला. एकंदर किंमत १,००,०००, तोटा १०,०००. म्हणजे प्रत्येकास दहावा हिस्सा. जहाजाच्या मालकानें ४,०००, पहिल्या व्यापाऱ्यानें ३,०००, दुसऱ्यानें २,००० द्यावे. तिसऱ्यानेंहि आपला १,००० सोसावा आणि ९,००० घेऊन घरीं जावें. बुडालेल्याचाहि वांटा असतो, पण तेवढाच.

मूळ ऱ्होडियन कायद्याची संहिता उपलब्ध नाहीं. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेनें इ. स. ५३३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कायदेसंग्रहांत मात्र ह्या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण असून त्याच्या शीर्षकांतच ऱ्होड्सचें नांव आहे. त्यांत आणखी एक मार्मिक नियम आहे. जहाजावरील स्वतंत्र माणसांचे जीवहि तुफानांतून वांचतात. पण ते ह्या हिशेबांत धरावयाचे नाहींत, कारण त्यांचें मोल करतां येत नाहीं. हीच रीत पुढें देशोदेशींच्या सागरी कायद्यांत शिरली. विमेवाले तिला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात, आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विम्याच्या कायद्यांतहि तिला स्थान आहे. मार्च २०२१ मध्यें सुवेझ कालव्यांत अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ ह्या जहाजावरील सर्व पंचवीस खलाशी भारतीय होते. तें मोकळें झाल्यावर मालकांनीं ह्याच तत्त्वाचा आधार घेऊन मालधन्यांकडे खर्चाचा वांटा मागितला.

बेटाचें वैभव मात्र ओसरलें. रोमनें ख्रिस्तपूर्व १६७ नंतर डीलॉस बंदर जकातमुक्त केलें, तेव्हां ऱ्होड्सचें बंदराचें उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखांवर उतरलें. विद्येची कीर्ति तेवढी राहिली. सिसरो व सीझर ह्या दोघांनींहि येथील मोलॉनपाशीं वक्तृत्वाचे धडे घेतले. पुढें १३०९ पासून सेंट जॉनच्या पंथाच्या नाइट लोकांनीं येथें राज्य केलें. आज प्रवासी जे जाडजूड तट, जी दगडी ‘नाइटांची गल्ली’ व जें भव्य रुग्णालय पाहतात, तीं त्यांचींच कामें. रुग्णालयांत आतां पुराणवस्तुसंग्रहालय आहे. १४८० चा वेढा त्यांनीं परतविला. १५२२ मध्यें सुलतान सुलेमानापुढें मात्र त्यांस बेट सोडावें लागलें. तुर्की अमलांत ख्रिस्ती रहिवाश्यांस तटाबाहेर राहावें लागे. आंत तुर्क व यहुदी राहत. १९१२ मध्यें इटलीनें बेट घेतलें, १९४३ मध्यें जर्मनांनीं. आणि १९४८ मध्यें तें विधिपूर्वक ग्रीसमध्यें सामील झालें. तटाच्या आंतील हें जुनें शहर १९८८ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदलेलें आहे.

ह्या जुन्या शहराच्या पूर्व भागांत एक चौक आहे. मध्यें समुद्रघोड्यांचें कारंजें, भोंवतीं खाणावळी, आणि झाडांच्या सावलींत एक काळा दगडी स्तंभ. स्पेनमधून हांकलल्या गेलेल्यांचे वंशज येथें शतकानुशतकें आपली जुनी स्पॅनिश बोली बोलत राहत होते. १५७७ चें त्यांचें प्रार्थनामंदिर अद्याप उभें आहे. जुलै १९४४ मध्यें जर्मन अधिकाऱ्यांनीं प्रथम पुरुषांस, मग बायकामुलांस बोलावून घेतलें, आणि २३ जुलै रोजीं त्यांस जहाजांवर चढविलें. ऱ्होड्स व शेजारचें कॉस मिळून सुमारें सतराशें माणसें ऑशविट्झला गेलीं; त्यांतून दीडशेंच्या आसपास वांचलीं. तुर्की वकील सेलाहत्तीन उल्क्युमेन ह्यांनीं चाळीसएक जणांस सोडविलें. तुर्की नागरिकाचा पति वा पत्नीहि तुर्कीच समजली जाते, असें त्यांनीं अधिकाऱ्यांस ठासून सांगितलें. तसा कायदा तुर्कस्तानांत नव्हता. ज्या बेटाचें नांव एका न्याय्य कायद्यानें अमर झालें, तेथें त्या दिवशीं माणसें वांचलीं तीं एका नसलेल्या कायद्यानें.

जुन्या हिशेबानें पाहतां येथें काय झालें? तुफान नव्हतें, जहाज बुडत नव्हतें; तरी ज्यांचें मोल करतां येत नाहीं अशीं माणसेंच बाहेर फेकलीं गेलीं. तो तोटा वांटून घेण्याचा मार्ग कोणत्याहि कायद्यांत नाहीं.

पण बेटानें आपली रीत अगदींच टाकली आहे, असेंहि नाहीं. जुलै २०२३ मध्यें येथें भयंकर वणवा पेटला, आणि सुमारें १९,००० प्रवासी व रहिवासी ह्यांस हलवावें लागलें. त्यांपैकीं सुमारें ३,००० समुद्रमार्गें गेले. खासगी नौका मदतीस धांवल्या, शाळा व क्रीडागृहें उघडलीं, गांवकऱ्यांनीं परक्यांस अन्न, पाणी व घरांत आसरा दिला. ज्यांचीं स्वतःचीं रानें जळत होतीं त्यांनीं पाहुण्यांचा भार उचलला.

म्हणून ह्या बेटावर जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं लिंडॉसचा उंच कडा व त्यावरील अथीनेचें मंदिर अवश्य पाहावें. निळ्या पाण्यांत डुंबावें. परंतु परततांना त्या चौकांतल्या काळ्या दगडापाशीं क्षणभर थांबावें. वांटणींत राहून गेलेल्या देवाच्या बेटावर ज्यांचा वांटा हिरावला गेला, त्यांची आठवण ठेवणें एवढाच आपल्या वांट्यास आलेला त्या तोट्याचा हिस्सा आहे, आणि तो प्रत्येकानें भरला पाहिजे.