चेंबरच्या झाकणाखालचा इतिहास

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी विषय सांगितला आणि दोघे-तिघे हसलेच. गणेशोत्सव, वृक्षारोपण, कोजागिरी यांवर लिहिणारे बरेच आहेत, म्हणून मी आपल्या चेंबरांवर लिहितो. पंचवीस वर्षे आपण त्यांच्यावरून चाललो, गाड्या नेल्या, लग्नाचे मांडव घातले. त्या झाकणांखाली काय चालले आहे ते माहीत असायला हवे, कारण येत्या वार्षिक सभेत त्यावर खर्च करायचा की नाही हे आपणच ठरवणार आहोत.

भूमिगत गटार ही इंग्रजांची विद्या, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. ते काही खरे नाही. मोहेंजोदडोला विटांची झाकलेली गटारे होती आणि गाळ काढायला मधे मधे खड्डे ठेवलेले होते. जमिनीखालच्या वाहत्या पाण्यापर्यंत पोचायला वरून तोंड ठेवण्याची कला तर आपल्या जुन्या खानदेशातच पाहायला मिळते. बऱ्हाणपूरला मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी बोगद्यातून शहराकडे आणले आणि वर शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या. तिथे पाणी पिण्याचे आहे, मैल्याचे नाही, हे कबूल. पण हवा खेळावी आणि माणसाला आत उतरता यावे, ही कामे मॅनहोलचीच. गंमत अशी, की त्या पाण्यातला चुना भिंतींवर बसून बसून बोगदा अरुंद होत गेला. गटारात याच्या उलटे होते, तिथे भिंतीतलाच चुना खाल्ला जातो.

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले. घरात जास्त पाणी आले म्हणजे सांडपाणीही वाढणारच. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि गटारांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्या काही दशकांत शहराच्या पोटात विटांची मोठी गटारे बांधली गेली आणि मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्हकडे वळवले गेले. ती जुनी वीट अजून कामावर आहे. भाजलेली चांगली वीट टिकते, पण सांध्यातला मसाला जातो.

तो का जातो, हे कळायला मात्र बराच काळ लागला. साचलेल्या मैल्यात हवा नसते. तिथले जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तयार करतात. पाणी उंचावरून पडले, खळखळले की हा वायू सुटतो आणि वरच्या ओल्या भिंतीवर जाऊन बसतो. तिथे दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे गंधकाम्ल करतात. होय, बॅटरीत असते तेच! १९४५ मध्ये मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी हे जंतू वेगळे काढून दाखवले. आम्लाने सिमेंटचा जिप्सम होतो, पांढरा आणि मऊ. म्हणूनच चेंबर पाण्याखाली धडधाकट असतो आणि पाण्याच्या वर, झाकणाजवळ कुजतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जंतूंची चंगळच. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी आधीच शिळे, त्यामुळे त्याच्या पुढचा चेंबर सगळ्यात आधी जातो.

आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. उताराच्या टोकाला दोन्ही गल्ल्यांच्या लाइनी ज्या चेंबरात पडतात, त्याचे झाकण दिवाळीआधी काढले होते. गवंड्याने वरूनच लांब सळई टेकवली तर प्लास्टर ढासळले. तो म्हणाला, "आप्पा, हाई सिमेंट ते लोणीनागत व्हई गयं!" आतल्या लोखंडी पायऱ्यांपैकी दोन तर नावालाच उरल्या आहेत.

यावर जगभर जो उपाय चालतो तो म्हणजे आतून फवारून नवे अस्तर देणे. फवाऱ्याने सिमेंट मारण्याचे यंत्र काढले ते कार्ल एकली यांनी, १९०७ च्या सुमारास, शिकागोच्या संग्रहालयात. हे गृहस्थ मेलेल्या जनावरांना जिवंत दिसायला लावणारे कारागीर! धरणे, बोगदे यांच्या कामावरचे लोक ज्याला गनायटिंग म्हणतात ते याच यंत्राचे काम. आम्लाला तोंड देणारे सिमेंटही त्याच सुमाराचे. फ्रान्समध्ये ज्यूल बीद यांनी १९०८ मध्ये कॅल्शियम अल्युमिनेट सिमेंटचे पेटंट घेतले. खोल मॅनहोलमध्ये आता फिरते तोंड वरून सोडतात, ते गरगर फिरत भिंतीवर सारखा थर देते. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेनचेही अस्तर असते. ते आम्लाला जास्त दाद देत नाही, पण भिंत कोरडी लागते. मागून जमिनीतले पाणी झिरपत असेल तर फुगे येतात आणि पापुद्रा सुटतो. आधी जोराच्या पाण्याने धुऊन कुजलेले सगळे काढणे आणि गळती बंद करणे, यातच निम्मे यश आहे. विक्रेते ही गोष्ट हळू आवाजात सांगतात.

माझे मत विचाराल तर उथळ चेंबरांना फवारणीची चैन नको. ते खरवडून चांगल्या सिमेंटने गवंडीच करील. अस्तर फक्त खोल तीन चेंबरांना. सिंकिंग फंड कशासाठी असतो? आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आपण त्यासाठीच बाजूला काढत आलो. मी बँकेत आयुष्य काढले, ठेव मोडायला मलाही जड जाते. पण चेंबर बसला आणि रस्ता खचला तर याच्या कितीतरी पट जाईल.

आणि एका गोष्टीवर मी सभेत अडून बसणार आहे. माणूस आत उतरवायचा नाही. त्या वायूचा वास जास्त प्रमाणात असला तर नाकाला कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावणे हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. "पाचशे रुपये दे, तो उतरेल" हे वाक्य आपल्या गल्लीतही मी ऐकले आहे. म्हणणारी माणसे वाईट नव्हती, पण उतरणारा नेहमी एकाच समाजातला का असतो, हे कुणी विचारले नाही.

तेव्हा व्हॅक्यूम टँकर बोलवायचा आणि अस्तराचे यंत्र वरून चालवणाराच ठेकेदार घ्यायचा. तीन कोटेशने मागवली आहेत. काम मे महिन्यात, जमिनीतले पाणी खाली असताना उरकायला हवे. गल्लीच्या तोंडाशी ज्यांच्या गाड्या उभ्या असतात त्यांनी ते आठ दिवस सोय दुसरीकडे करावी, नावे मी इथे लिहीत नाही.