हलकं विमान, हळुवार कसरत: धाडसाचा धडा कसा झाला

(कडेगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कडेगावात विमानाच्या कसरतींवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. आपल्या गावात धावपट्टी नाही. पण शेजारी कराडला आहे. १९५५ मध्ये कोयना प्रकल्पाच्या कामासाठी ती बांधली गेली. आणि कसरती शिकवणारं भारतीय बनावटीचं पहिलं विमान ज्यांनी आखलं, ते विष्णू माधव घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी ज्या कारखान्यात ते बनवलं, तो उभा केला वालचंद हिराचंद यांनी. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळं हे नाव आपल्याकडं घराघरात आहे. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

आणखी एक कारण आहे. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ येतात. दोन माणसांचं हलकं विमान, ज्याला मायक्रोलाइट किंवा अल्ट्रालाइट म्हणतात, ते हवेत वर चढतं, पंखावर कलतं, झुलत खाली येतं. बघायला फार छान. त्याखाली कुणीतरी लिहितं, ‘ही काही खरी कसरत नव्हे, हळुवार आहे, कुणालाही जमेल.’ आज मला या ‘हळुवार’ शब्दाचा इतिहास सांगायचा आहे. कारण तो शब्द फसवा आहे, आणि तो फसवा आहे हे कळायला माणसांना जीव द्यावे लागले.

आधी अपघात

सुरुवात १९१२ पासून करू. विमान उडायला लागून नऊ वर्षं झाली होती. त्या काळी वैमानिकांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती स्पिनची, म्हणजे भोवऱ्याची. वेग कमी पडला की पंखांची उचल तुटते, याला स्टॉल म्हणतात. अशा वेळी एक पंख दुसऱ्याच्या आधी पडला की विमान स्वतःभोवती गरगरत खाली येतं. त्यातून सुटायचं कसं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाचे नौदलाचे अधिकारी या भोवऱ्यात सापडले. उंची जेमतेम सहाशे-सातशे फूट. त्यांनी स्टिक मागं ओढली, उपयोग झाला नाही. वळण्याच्या बाजूनंच रडर दाबलं, गिरकी वाढली. शेवटी, गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, त्यांनी रडर पूर्ण उलट्या बाजूला दाबलं. गिरकी थांबली. जमीन तेव्हा पन्नासेक फूट खाली होती. पार्क वाचले, आणि उतरल्यावर त्यांनी काय काय केलं ते तपशिलानं सांगितलं. विमानविद्येच्या इतिहासात हा प्रसंग ‘पार्कची बुडी’ म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात ते गेले. पण गिरकीच्या उलट बाजूचं रडर हा उपाय मागं राहिला.

मग धाडस

पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९१३ रोजी, रशियन सैन्यातले प्योत्र नेस्तेरोव यांनी कीव्हच्या आकाशात पहिला लूप मारला. उभी कोलांटी. पाणी भरलेली बादली आपण गरकन फिरवतो आणि पाणी सांडत नाही, तेच तत्त्व. पण सैन्यानं त्यांचं कौतुक केलं नाही. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्यांना कोठडी सुनावली! बारा दिवसांनी फ्रान्सच्या अडोल्फ पेगू यांनी तसाच लूप मारला, जगभर गाजावाजा झाला, आणि मग रशियाला आपल्या माणसाची आठवण झाली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पेगूंनी बाजारातलं विमान उचललं आणि उडवलं असं केलं नाही. त्यांचं ब्लेरिओ विमान आधी मजबूत करून घेतलं होतं, आणि स्वतःला घट्ट बांधून घेण्यासाठी पट्टे लावले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे दिसलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना तयारी कधीच दिसत नाही.

आणि मग धडा

पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक शत्रूच्या गोळीआधी स्वतःच्याच चुकांनी मरू लागले. तेव्हा १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथं रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं शिकवण्याची पद्धतच उलटी केली. तोवर शिक्षक सांगायचे, ‘धोक्याच्या जवळ जाऊ नका.’ स्मिथ-बॅरी म्हणाले, शिक्षक सोबत असताना मुद्दाम धोक्यात जा आणि बाहेर यायला शिका. दोन्ही आसनांना नियंत्रणं असलेलं ॲव्हरो ५०४ विमान, बोलायला नळी, आणि मुद्दाम केलेला स्टॉल, मुद्दाम केलेला स्पिन. कसरत जत्रेतून निघून शाळेत आली ती इथं.

ही शाळा आपल्याकडं आली ती मुंबईमार्गे. १९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. क्लबात मॉथ जातीची विमानं होती. लाकडाचा सांगाडा, वर कापड, मध्ये ताणलेल्या तारा. पुढं वायुदलातले नवशिके त्याच घराण्यातल्या टायगर मॉथवर शिकले. विमान परदेशी, पुस्तक परदेशी, आणि कुठली कसरत झेपेल हे ठरवणारा आराखडाही परदेशी.

घाटग्यांचं विमान

इथं घाटगे येतात. जन्म १९०८. मुंबईत शिक्षण झालं आणि पुढं ते जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडं गेले. पंखावरून हवा कशी वाहते हे शास्त्र ज्यांनी घडवलं, ते हे प्रांटल. १९३६ मध्ये त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन घाटगे परतले. १९४० च्या डिसेंबरात वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, आणि घाटगे तिथं रुजू झाले. १९४२ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची धुराही त्यांच्याकडंच आली.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या चमूनं एचटी-२ हे विमान आखलं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. दोन आसनं एकामागं एक, खालून जोडलेले पंख, सगळं धातूचं बांधकाम, आणि पुढं उत्पादनात आलेल्या विमानाला १५५ अश्वशक्तीचं इंजिन. भारतात आखलेलं आणि नियमित उत्पादनात गेलेलं हे पहिलं विमान. वायुदलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. घाटग्यांच्याच काळात फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं, १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षक विमान उडालं, आणि १९९६ मध्ये बीदरला सूर्यकिरण पथक स्थापन झालं ते किरण विमानांवरच. जत्रेत तेव्हा किरणची नऊ विमानं एका रांगेत बघितली असतील, तर त्यामागं कोल्हापूरकडच्या माणसाची आकडेमोड आहे, हे ध्यानात ठेवा.

आता मुद्द्याचं बोलतो. कसरती विमान आखणं म्हणजे काय? साधं विमान आखताना अभियंता विचारतो, वैमानिक बरोबर वागला तर पंखावर किती भार येईल? कसरती विमान आखताना तो विचारतो, *शिकाऊ चुकला* तर किती भार येईल? म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या हलक्या विमानाला वजनाच्या ३.८ पट भार पेलावा लागतो, आणि कसरती विमानाला ६ पट. शिवाय उलट्या दिशेनं ३ पट. मधला जो फरक आहे, तो शिकाऊच्या चुकीसाठी राखून ठेवलेला असतो.

अल्ट्रालाइट कुठून आलं

अल्ट्रालाइटचं कुळ वेगळं. १९७० च्या दशकात लोक टेकडीवरून हँग ग्लायडर घेऊन उड्या मारत होते. १९७६ मध्ये अमेरिकेत ऑशकॉशच्या मेळाव्यात जॉन मूडी यांनी छोटं इंजिन लावलेला असा ग्लायडर पायानं धावत उडवून दाखवला. लोक वेडे झाले. १९८२ मध्ये अमेरिकेनं त्यासाठी वेगळे नियम केले: एक आसन, रिकामं वजन जास्तीत जास्त सुमारे ११५ किलो. इतर देशांत दोन आसनांची, भरलेल्या वजनासह साडेचारशे किलोच्या आसपासची मायक्रोलाइट आली. आपल्याकडं एनसीसीच्या हवाई शाखेतली मुलं मायक्रोलाइटमधून पहिलं उड्डाण अनुभवतात.

म्हणजे मॉथ आणि एचटी-२ हे शाळेतून आले, आणि अल्ट्रालाइट टेकडीवरून आलं. ते स्वस्तात, हळू आणि आनंदानं उडण्यासाठी केलेलं यंत्र आहे. बहुतेक मायक्रोलाइटच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं: कसरती नाहीत, साधारण ६० अंशांपलीकडं तिरकं करू नये.

हे साठच अंश का? उसाची ट्रॉली वळणावर घेताना तुम्ही जे अनुभवता, तेच. विमान तिरकं करून उंची न सोडता वळवलं की पंखाला जास्त उचल द्यावी लागते. ४५ अंशांना भार १.४ पट होतो, ६० अंशांना दुप्पट. ८० किलोच्या माणसाला आपण १६० किलोचे झालो असं वाटतं. आणि दुसरं म्हणजे स्टॉलचा वेगही वाढतो. सरळ उडताना जे विमान ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होतं, ते साठ अंशांच्या वळणात जवळजवळ ८५ ला होतं. साठच्या पुढं भार झपाट्यानं चढतो: ७० ला तिप्पट, ७५ ला जवळजवळ चौपट.

आता ‘हळुवार’ कसरतींकडं या. विंगओव्हर म्हणजे चढत चढत कलायचं आणि वळून उलट दिशेनं खाली यायचं. लेझी एट म्हणजे असे दोन झोके जोडून आडवा इंग्रजी आठ काढायचा. नीट केलं तर यात भार दुपटीच्या आतच राहतो. मग भीती कसली?

भीती चुकीची. वर चढताना वेग जास्त गेला, तिरकेपणा साठऐवजी नव्वद झाला, नाक खाली पडलं. विमान वळत वळत सूर मारतं. वेग सेकंदासेकंदाला वाढतो. घाबरून स्टिक ओढली की चार-पाच पट भार येतो. एचटी-२ हे सोसतं. अल्ट्रालाइटचा पंख कदाचित सोसणार नाही. ज्यात माणूस पंखाखाली लटकतो आणि वजन सरकवून वळतो, त्या ट्राइकचं दुखणं आणखी वेगळं. खूप उभं चढून वेग संपला की त्याचं नाक जोरात खाली जातं आणि ते पुढच्या पुढं कोलांट्या खाऊ लागतं. तिथं पार्कचं रडर नाही, परतीचा उपाय नाही.

म्हणून कसरत हळुवार आहे की नाही, हे ती जमल्यावर नव्हे, ती बिघडल्यावर किती भार येतो यावरून ठरवायचं. आणि उरलेल्या उंचीवरून. मजबूत विमानही उंचीशिवाय वाचवत नाही. २३ जून १९८० रोजी दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधी गेले, ते खास कसरतींसाठीच बनवलेल्या पिट्स विमानात. विमानात बळ होतं, खाली हवा नव्हती.

आपल्या गावाला हे समजायला सोपं जावं. आपले मोहरमचे उंच ताबूत बांबूचे. नुसतं उभं राहायला लागणारं बळ वेगळं, आणि खांद्यावरून भेटीला निघताना हेलकाव्यात लागणारं बळ वेगळं. बांधणारा दुसऱ्याचा विचार करून बांधतो. विमानाचंही तेच आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, मग हौशी माणसानं कसरत शिकूच नये का?

उत्तर: जरूर शिकावी. मी तर म्हणेन, उडणाऱ्या प्रत्येकानं स्टॉल आणि स्पिनमधून बाहेर यायला शिकावं. पण गॉस्पोर्टच्या पद्धतीनं: कसरतीसाठी मंजूर विमान, सोबत शिक्षक, पाठीवर पॅराशूट, आणि खाली काही हजार फूट मोकळी हवा. तिथं हात बसला की स्वतःच्या मायक्रोलाइटमध्ये परत या आणि पुस्तिकेतल्या मर्यादेत वळणं घ्या. तीस-चाळीस अंशांचं गोल, सारख्या उंचीचं, सारख्या वेगाचं वळण घेऊन बघा. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या विरळ हवेत आणि माळावरच्या झोतांत ते दहा वेळा जमलं, तर तुम्ही चांगले वैमानिक. त्याचा व्हिडिओ कुणी बघणार नाही, ते सोडा.

प्रश्न: आमच्या मुलांना घाटग्यांबद्दल शाळेत का शिकवत नाहीत?

उत्तर: शिकवायला हवं. तोवर हे काम तुमचं. घरी गेल्यावर पोरांना पाण्याची बादली फिरवून दाखवा आणि सांगा, हे गणित मांडून विमान करणारा माणूस आपल्याच मुलखातला होता.