विदर्भ पॅकेज आणि बुलढाणा जिल्हा

विदर्भातील कर्जबाजारी कापूस-उत्पादकांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जुलै 2006 मध्ये सुमारे 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा व बुलढाणा हे त्याचे सहा जिल्हे. त्यापूर्वी, डिसेंबर 2005 मध्ये, राज्य शासनाने 1,075 कोटींची योजना आखली होती.

निम्म्याहून अधिक रक्कम, सुमारे 2,177 कोटी, सिंचनासाठी होती आणि 712 कोटी थकीत व्याजमाफीसाठी. माफी बँका व सहकारी संस्थांच्या कर्जापुरती असल्याने सावकाराचे देणे तसेच राहिले. सर्वांत गांजलेला शेतकरी बहुधा याच देण्याखाली होता. जोडधंदा म्हणून अनुदानावर दुभत्या गाई दिल्या गेल्या, परंतु चारा-पाण्याची सोय नसलेल्या कोरडवाहू कुटुंबाला त्यांचा सांभाळ परवडणारा नव्हता. ही चूक गावात विचारले असते तरी टळली असती.

सिंचनाचा खर्च गरजेला धरून होता, पण संथ. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागात, भूजल खारट. तेथे नदीच्या गोड्या पाण्याला पर्याय नाही. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्प त्यासाठीच आहे. पॅकेजची मुदत संपून गेल्यावरही तो अपूर्ण राहिला. खर्च मात्र कित्येक पटींनी वाढला. दारिद्र्यनिवारणाचा हिशेब मंजूर कोटींवर नव्हे, तर शेतापर्यंत पोचलेल्या पाण्यावर मांडायला हवा होता. तो तसा क्वचितच मांडला गेला.