शंभर बिंदू कोणी ठरवले? आलेख काढणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंग्जचा इतिहास

संगणकासमोर बसला असाल, तर वाचण्याआधी एक प्रयोग करा. ग्नूप्लॉट उघडा आणि एकही सेटिंग न बदलता साइन(३१क्ष) या फलनाचा आलेख मागवा. क्ष उणे १० पासून १० पर्यंत जाताना या फलनाची अठ्ठ्याण्णवहून अधिक पूर्ण आवर्तने होतात. पडदा लाटांनी गच्च भरायला हवा. प्रत्यक्षात दिसते एकच संथ चढती रेषा, डावीकडे सुमारे उणे ०.८५ वर सुरू होऊन उजवीकडे ०.८५ वर संपणारी.

प्रोग्राम बिघडलेला नाही. त्याने शंभर ठिकाणी फलनाची किंमत काढली, प्रत्येक किंमत अचूक काढली आणि शेजारचे बिंदू सरळ रेषांनी जोडले. दोन बिंदूंमधले अंतर २० भागिले ९९, म्हणजे सुमारे ०.२०२. साइन(३१क्ष) च्या एका लाटेची लांबी सुमारे ०.२०३. म्हणजे दर लाटेमागे जेमतेम एक बिंदू मिळाला, आणि तोही दर वेळी किंचित मागे सरकलेला. त्या सरकण्याचीच ही रेषा आहे. आता 'सेट सॅम्पल्स ५०००' असे लिहून आलेख पुन्हा काढा, लाटा येतील. मी वर्गात हा आलेख आधी दाखवतो आणि फलन ओळखायला सांगतो. आजवर कोणी ओळखलेले नाही, आणि चूक त्यांची नाही.

किती ठिकाणी किंमत काढायची आणि मधली जागा कशी भरायची, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ज्या-सारणीसाठी २४ स्थाने घेतली. पायरी २२५ कलांची, म्हणजे पावणेचार अंशांची, आणि त्रिज्या ३४३८. मधल्या कोनाची ज्या त्रैराशिकाने काढायची. आजच्या भाषेत, चोवीस नमुने आणि मध्ये सरळ रेषा. ब्रह्मगुप्ताने 'खंडखाद्यक' या ६६५ च्या ग्रंथात उलटा मार्ग धरला. पायरी १५ अंशांची, त्रिज्या १५०, आणि सारणीत फक्त सहा किमती: ३९, ७५, १०६, १३०, १४५, १५०. मात्र मधली किंमत काढताना त्याने लगतच्या फरकांमधला फरकही हिशेबात घेतला, म्हणजे रेषेऐवजी वक्र वापरला. बिंदू वाढवा किंवा जोडणी सुधारा. ग्नूप्लॉटमध्ये 'सॅम्पल्स' आणि 'स्मूथ' अशा दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत त्या याच दोन वाटा. माझ्या मते ब्रह्मगुप्ताची वाट अधिक हुशारीची आहे, पण संगणक स्वस्त झाल्यावर सगळे आर्यभटाच्या वाटेने गेले.

भारतात पडद्यावर आलेख दिसू लागला तो मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता, आणि त्यावर अक्षरांबरोबर आलेखही उमटत. १९८५ मध्ये कॅसिओच्या एफएक्स-७०००जी या खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर आलेख आला. पडदा ९६ बाय ६४ टिंबांचा. तिथे आलेखाचा पट्टा ठरवायला 'रेंज' अशी वेगळी कळच होती. सेटिंग हा शब्द सामान्य विद्यार्थ्याच्या बोटाखाली आला तो तिथे.

ग्नूप्लॉट त्याच्या पुढच्या वर्षीचे, १९८६ चे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोन विद्यार्थ्यांपैकी एक विद्युतचुंबकत्व शिकत होता, दुसरा अवकल समीकरणे. वहीतले गणित डोळ्यांनी दिसावे एवढ्यासाठी त्यांनी तो लिहिला. (नावात ग्नू असले तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.) पट्टा उणे १० ते १०, कोन रेडियनमध्ये या मूळच्या निवडी त्यांच्या अभ्यासातल्या सौम्य वक्रांना पुरेशा होत्या. आपण आज काहीही न बदलता आलेख काढतो, तेव्हा तीच गृहीतके आपल्या फलनावर लादतो.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे या. मी बंगळुरूत शिकवतो. आमच्यासारखी इथली अनेक महाविद्यालये बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. (ज्यांचे नाव त्याला आहे, ते विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले पुण्यात.) विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या गणिताला प्रयोगशाळा जोडली गेली, आणि यादीतला पहिलाच प्रयोग कार्तीय व ध्रुवीय वक्रांचे आलेख हा आहे. आम्ही पायथन वापरतो आणि आलेखासाठी मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने मेंदूतील विद्युतसंकेत पाहण्यासाठी ते लिहायला घेतले.

पहिल्याच तासाला कोणीतरी वर्तुळ काढते आणि लंबवर्तुळ येते. निपाणीहून आलेल्या एका मुलीने अर्धा तास समीकरणातली चूक शोधली. ते बरोबरच होते. मॅटप्लॉटलिबचे मूळ चित्र ६.४ बाय ४.८ इंचांचे असते. इंचाला १०० टिंबे धरली की ६४० बाय ४८० होतात, म्हणजे जुन्या व्हीजीए पडद्याचे माप. दोन्ही अक्षांवर उणे १ ते १ असले तरी आडवे एकक उभ्यापेक्षा लांब पडते. उपाय एका ओळीचा: 'ॲक्सिस इक्वल'. ग्नूप्लॉटमध्ये तेच काम 'सेट साइझ रेशो -१' करते. तोंडी परीक्षेत "हे वर्तुळ आहे का?" या प्रश्नाला "हो" म्हणून गुण गमावू नका, "हो, पण अक्षांची एकके समान नाहीत" असे म्हणा.

म्हणून प्रयोगवहीत प्रत्येक आलेखाखाली पट्टा, बिंदूंची संख्या, कोनाचे एकक आणि अक्षांचे गुणोत्तर लिहायला मी सांगतो. पायथनमध्ये बिंदूंची संख्या 'लिनस्पेस'मध्ये असते. तुम्ही आकडा दिला नाही तर ती ५० धरते, ग्नूप्लॉटच्याही निम्मी.

स्वाध्यायासाठी एक सापळा. ग्नूप्लॉटमध्ये क्ष(१/३) चा आलेख काढा. घनमुळाऐवजी १ या उंचीवर आडवी रेषा येईल, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार सी भाषेच्या रीतीने पूर्णांकच येतो आणि १/३ म्हणजे ० होतो. १.०/३.० लिहिले की उजवी बाजू दुरुस्त होते, डावी मात्र कोरीच राहते. ती कोरी का राहते, हे पुढच्या तासाआधी शोधून या.