खटका, हातोडा आणि नोकरी

मागच्या व्याख्यानानंतर एका आईने आम्हाला जिन्यातच गाठलं. मुलीला ‘इंटरॅक्शन डिझाइन’ शिकायचंय. “सर, हे नेमकं आहे काय? आणि यात नोकरी मिळते का?” तत्त्वज्ञानाच्या मास्तराला नोकरीबद्दल विचारणं म्हणजे धाडसच! पण या विषयाचा इतिहास पाहिला, तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर हाती लागतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर चक्क चाकंच मिटून घेत. विमान पोटावर बसे, दोष वैमानिकाला. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारीशेजारी, हाताला अगदी सारखे. मग चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचर. वैमानिक तेच, पण घोटाळा थांबला.

१९७९ साली थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. नियंत्रणकक्षाचा अभ्यास करायला बोलावलेल्यांत डोनाल्ड नॉर्मन होते, तेही मानसशास्त्राचेच. स्टीफन ड्रेपर यांच्यासोबत त्यांनी १९८६मध्ये ‘यूजर सेंटर्ड सिस्टिम डिझाइन’ हा ग्रंथ संपादित केला. त्याच वर्षी टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांनी संगणकाच्या चर्चेत हायडेगरला आणलं. हातोडा नीट चालतो तोवर सुताराचं त्याच्याकडे लक्षच नसतं. मोडला की तो डोळ्यांत भरतो. संगणकाचंही तसंच, नाही का? आम्ही तेव्हा वर्गात हाच हातोडा शिकवत होतो. तो प्रयोगशाळेत पोचलाय, याचा आम्हाला पत्ताही नव्हता!

आता नोकरी. १९९३मध्ये नॉर्मन विद्यापीठ सोडून ॲपलमध्ये गेले. पद होतं ‘यूजर एक्स्पिरियन्स आर्किटेक्ट’. आज बँका, रुग्णालयं, मोबाइल कंपन्या अशी माणसं नेमतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत १९६९पासून डिझाइन केंद्र आहे, तिथे या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते.

पण त्या बाईंना आम्ही पगाराचे आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा, मागच्या सत्रात मुलं कुणाशेजारी जाऊन बसली होती? स्टेशनवर तिकीट-यंत्राशी झगडणाऱ्या आजोबांशेजारी, की नुसतीच स्वतःच्या लॅपटॉपसमोर? दुसरं उत्तर आलं, तर फी भरण्याआधी दुसरं कॉलेज बघा.