गडावरची मुलं आणि देवमासा



मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी 'शाळेच्या सहली' या विषयावर लिही, असं समितीने कळवलं. मी इतिहासाचा शिक्षक. आपल्या शाळेतून दहावी होऊन कोकणात उतरलो आणि गेली वीस-बावीस वर्षं मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवतो आहे. त्यामुळे सगळ्या सहलींबद्दल न लिहिता एकाच गोष्टीबद्दल लिहितो. आपण समुद्रावर जात होतो तेव्हा त्या समुद्रातल्या डॉल्फिन-देवमाशांबद्दल माणसाला किती माहीत होतं, पुढे ते कसं कळत गेलं आणि त्यात शाळकरी मुलांचं काय काम आहे, ही ती गोष्ट.

पन्हाळा म्हणजे डोंगरातलं गाव. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. या गावाचा समुद्राशी संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण करवीर राज्याची राजधानी १७८२ पर्यंत पन्हाळ्यावर होती आणि मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला याच राज्याचे. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं, तेव्हा राज्याचा कारभार राणी जिजाबाईंच्या हाती होता. किल्ला पुढे परत मिळाला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. म्हणजे आपली लाल डब्यातली सहल ज्या किनाऱ्यावर उतरायची, तो एके काळी आपल्याच गडाचा किनारा होता.

आपल्या वेळी समुद्राच्या सहली दोन वाटांनी जात. एक मलकापूर, आंबा घाटातून रत्नागिरीला आणि दुसरी गगनबावडा, करूळ घाटातून मालवणला. घाटात कुणाकुणाला गाडी लागली, पुढे सिंधुदुर्गला जाताना त्यांनाच बोट कशी लागली, हे प्रत्येक बॅचला आपापलं आठवत असेल. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा होता. आमची अख्खी तुकडी त्याच्याशेजारी उभी राहिली आणि तरी सांगाडा उरलाच. त्याच्या पुढच्या पंखातली हाडं दाखवून विज्ञानाच्या सरांनी स्वतःचा पंजा वर धरला होता. बोटांची हाडं तिथे दिसत होती. देवमासा हा मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. नावात देव आहे आणि मासाही आहे. प्राणी मात्र आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या नात्यातला, हे त्यांचं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे.

तो सांगाडा पाहताना एक प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता, आता सुचतो. समुद्रातल्या सस्तन प्राण्यांबद्दल आपल्याला जे माहीत होतं, ते जवळजवळ सगळं मेलेल्या प्राण्यांवरून कळलेलं होतं. आपल्या किनाऱ्यालगत जो करड्या रंगाचा, पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन दिसतो, त्याचं शास्त्रीय वर्णन जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये केलं, तेही मलबार किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यावरून. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली आणि किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या नोंदी तिच्या नियतकालिकात छापून येऊ लागल्या. लांबी किती, कुठे सापडला, हाडं कुठे ठेवली, अशा त्या नोंदी. जिवंत प्राणी कुठे राहतो, किती आहेत, पिल्लं कधी होतात, हे त्यात सहसा नसे.

मच्छीमारांना मात्र यातलं बरंच ठाऊक होतं. आमच्याकडचे जुने मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. गादा कुठल्या खाडीच्या तोंडाशी येतो, कुठल्या माशामागे येतो आणि जाळं कसं फाडतो, हे ते सहज सांगतात. पण ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि न लिहिण्याची किंमत मोठी असते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात, २४२ कुबड्या देवमासे मारले. ही शिकार बेकायदा होती आणि जगाला तिचा पत्ता लागला तो सोव्हिएत संघ कोसळल्यावर, नव्वदच्या दशकात. हे देवमासे जगातल्या इतर कुबड्या देवमाशांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. आज ते शंभराच्या आसपास, कदाचित त्याहूनही कमी उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या दारातून एवढे प्राणी गेले आणि तीस वर्षं आपल्याला कळलंही नाही, कारण ते आधी किती होते हेच कुणी मोजलं नव्हतं.

आता थोडं दूरचं उदाहरण. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सारासोटा नावाचं गाव आहे. तिथल्या उपसागरातल्या डॉल्फिनांचा अभ्यास १९७० मध्ये ब्लेअर अर्व्हाइन यांनी सुरू केला. त्यांच्या हाताखाली मदतीला रँडल वेल्स नावाचा मुलगा आला. तो तेव्हा हायस्कूलमध्ये शिकत होता. होडीवर सामान चढवणं, नोंदी करणं अशा कामांपासून सुरुवात झाली आणि पुढे तोच मुलगा त्या अभ्यासाचा प्रमुख झाला. रानटी डॉल्फिनांचा जगातला सर्वांत दीर्घकाळ चाललेला अभ्यास म्हणून आज तो ओळखला जातो. डॉल्फिनच्या पाठीवरच्या परावर खाचा असतात, त्यावरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो. पन्नासहून अधिक वर्षं त्याच पाण्यात तीच माणसं जात राहिली, म्हणून तिथे आजी, आई, नात अशा पिढ्या ओळखीच्या झाल्या. काही माद्या साठीच्या पुढे जगतात, हे तिथेच कळलं. हे एका मोहिमेत कळणारं नव्हतं. त्यासाठी कुणीतरी शाळेच्या वयात सुरुवात करून केस पिकेपर्यंत मोजत राहावं लागलं.

आपल्याकडे काय झालं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे डॉल्फिन-देवमाशांना सर्वोच्च संरक्षण मिळालं. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. २०१० नंतरच्या दशकात सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी मोठा प्रकल्प आला. त्याच काळात 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम' या तरुण अभ्यासकांच्या गटाने होडीतून ठरावीक रेषांवर फिरून डॉल्फिन मोजले आणि मच्छीमारांकडे बसून त्यांचं ज्ञान लिहून काढलं. २०१५ मध्ये याच गटाला कुणकेश्वरजवळच्या समुद्रात जिवंत निळा देवमासा दिसला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांनी अशी नोंद झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह यंत्र लावलेली 'लुबान' नावाची कुबडी मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, दक्षिणेकडे गेली आणि नंतर परत ओमानकडे वळली. लुबान म्हणजे आपला ऊद, लोबान. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी, वनखातं, पोलीस सगळे राबले, तरी ते वाचलं नाही.

प्रकल्प येतात आणि मुदत संपली की जातात. अभ्यासक पीएच.डी. करून पुढच्या कामाला लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. दरवर्षी न चुकता किनाऱ्यावर येणारी संस्था एकच आहे, ती म्हणजे शाळेची सहल.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. आमच्या हायस्कूलची नववीची मुलं घेऊन मी काही हिवाळे होडीने जातो आहे. पहिल्या वर्षी एका अभ्यासक ताईंनी पद्धत शिकवली. पालकांचं संमतीपत्र आणि अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय कुणी चढायचं नाही. दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे बघणार, एक जण घड्याळ आणि वही सांभाळणार. सुटल्याची वेळ, वारा, लाटा, इतर होड्या किती, हे आधी लिहायचं. डॉल्फिन दिसला की वेळ, जागा, किती, पिल्लू आहे का, काय करत होते, एवढंच. होडी त्यांच्यावर घालायची नाही. इंजिन मंद करून अंतर ठेवायचं, जवळ यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. आणि काहीच दिसलं नाही, तर 'शून्य' लिहायचं. हे शून्य लिहायला मुलं फार कुरकुरतात. मी त्यांना सांगतो, दहा वर्षांनी हा शून्यच सगळ्यात महत्त्वाचा ठरेल.

एका वर्षी कर्ली खाडीच्या तोंडाशी गादे दिसले. एक मुलगा म्हणाला सहा, दुसरा म्हणाला चार. मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "सर, चारच. वरचा कोपरा फाटलेला तोच दोनदा वर आला." तिचे वडील जाळं टाकतात. डॉल्फिनने जाळं फाडलं की घरात काय बोललं जातं, ते तिला माहीत होतं. तरी वहीत तिने व्यवस्थित चार लिहिले आणि त्या पराचं चित्रही काढलं.

आता आपल्या शाळेबद्दल. सध्याच्या सरांशी माझं बोलणं झालं. सहल मालवणला अजून येते, पण पर्यटकांच्या 'डॉल्फिन सफारी'त मुलं अर्धा तास आरडाओरडा करून परततात. पाच-सहा होड्या एकाच कळपामागे धावतात आणि आई-पिल्लाची ताटातूट व्हायची भीती असते. या जातीचा डॉल्फिन जागतिक यादीत धोक्यात असलेला म्हणून नोंदवलेला आहे. आपली मुलं त्या गर्दीत भर घालणारी असावीत की मोजणारी, हे आपण ठरवू शकतो.

मेळाव्यात मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, दर हिवाळ्यात आपल्या शाळेच्या एका तुकडीसाठी एक होडी, दुर्बिणी आणि लाइफ जॅकेट यांचा खर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा. इकडची व्यवस्था, ओळखीचा तांडेल आणि आमच्या मुलांची सोबत ही माझ्याकडे. नोंदवही शाळेच्या प्रयोगशाळेत राहील आणि दरवर्षी तीच वही पुढे चालेल.

दुसरी गोष्ट तुमच्या घरातली आहे. सहलीहून आल्यावर मराठीच्या बाई आपल्याकडून 'सहलीचे वर्णन' लिहून घेत. कुणाच्या ट्रंकेत, माळ्यावर ती वही असेल, सहलीचा फोटो असेल आणि मागे तारीख असेल, तर घेऊन या. 'वाटेत तीन डॉल्फिन दिसले' एवढं एक वाक्य तारखेसह मिळालं, तरी ते आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर जाईल. ज्या गुरुजनांनी आपल्याला तिथवर नेलं, त्यांच्या डायऱ्यांत तर अशा कितीतरी तारखा असतील. सर, बाई, तेवढ्या शोधून ठेवा. नोंदणीच्या टेबलाजवळ कोरी वही घेऊन मी बसलेला असेन.