उचलू नका!

१९९५ साली मुंबईत मोबाइल अवतरला तेव्हा दुकानं दोनच : एक बीपीएलचं, दुसरं हचिसन मॅक्सचं. दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात, आणि फोन आला तरी पैसे आपलेच! म्हणजे पाहुणा जेवून जाणार तो जाणारच, वर त्याचं रिक्षाभाडंही यजमानाच्या माथी. रुसून दुसरीकडे जावं तर भाव तोच. सासरच्या जाचाला कंटाळून माहेरी यावं नि दारात सासूबाईच उभ्या, तशातली गत!

आमच्या गोराई गावातून होडीनं खाडी ओलांडून बोरिवलीला समक्ष निरोप सांगून येणंही मिनिटभर बोलण्याहून स्वस्त पडे. आमच्या मेहुण्यांनी हौसेनं मोबाइल घेतला खरा, पण तो वाजला की अंगावर पाल पडल्यासारखे दचकत. शेवटी घरात ठराव झाला : एक घंटा म्हणजे होडी मिळाली, दोन म्हणजे चुकली. फोन उचलायचा नाही! ‘मिस्ड कॉल’ ही विद्या काही कंपन्यांनी शिकवली नाही हो, ती गांजलेल्या गिऱ्हाइकाची.

१९९९ साली दर जरा नरमले. २००१ साली सरकारी एमटीएनएल तिसरं दुकान थाटून बसलं, पाठोपाठ आणखी आले, आणि २००३ साली येणारा फोन फुकट झाला. हवा तीच, लहरी त्याच. फक्त दुकानं वाढली.

मेहुण्यांनी त्या आनंदात पहिलाच फोन उचलला, तो आत्याबाईंचा. पाऊण तास चालला. मधूनमधून ते घड्याळाकडे केविलवाणं पाहत होते. पण आता सबब कसली सांगणार?